मदत हवी आहे: मेव्हण्याच्या फर्मची निविदा आणि कंत्राटदाराची दिवाळी-भेट, लेखी काय आणि कधी द्यायचं?

दुय्यम_अभियंता_पूर्व
नमस्कार. मुंबई महापालिकेच्या एका विभाग कार्यालयात परिरक्षण खात्यात आहे. मेव्हणा भागीदार असलेली फर्म आमच्याच विभागातल्या पेव्हर ब्लॉकच्या कामाची ई-निविदा भरणार आहे. अंदाजपत्रक माझ्याकडून गेलेलं नाही, पण काम त्यांना मिळालं तर साइट आणि एमबी (झालेल्या कामाची मोजमाप-वही) माझ्याकडेच येईल. कळवायचं कुणाला आणि कोणत्या टप्प्यावर? मेव्हणा 'कुटुंबात' धरतात का?
दुसरं, चालू कामाच्या कंत्राटदाराने घरी ड्रायफ्रूटचा डबा आणि चांदीचं नाणं पाठवलंय. घरच्यांनी ठेवून घेतलं. आता काय करू?

आस्थापना_खिडकी
आधी मेव्हण्याचं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या व्याख्येत पती-पत्नी, मुलं आणि पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असलेले रक्ताचे वा लग्नाचे नातेवाईक 'कुटुंबात' येतात. स्वतः कमावणारा मेव्हणा त्यात बसत नाही. इथेच बरेच जण निर्धास्त होतात आणि पुढे अडकतात. कारण विषयात तुमचा किंवा कुटुंबाचा 'अन्य कोणत्याही प्रकारे' हितसंबंध असेल, तरी तो विषय वरिष्ठांकडे सोपवावा लागतो. मेव्हण्याच्या फर्मला तुमच्या पत्नीने पैसे दिले असतील किंवा बँकेत जामीनकी घेतली असेल, तर मेव्हणा बाजूलाच राहिला, हितसंबंध थेट तुमच्या घरात आला. तुम्ही राज्य सरकारच्या नाही, पालिकेच्या सेवेत आहात, तेव्हा नेमका नियम क्रमांक पालिकेच्या वर्तणूक नियमांतून आस्थापनेकडून घ्या आणि पत्रात तोच टाका.

टप्पा: फर्म निविदा भरणार हे कळल्याबरोबर. उशिरात उशिरा पाकीट 'अ' (निविदेचं सर्वांत आधी उघडलं जाणारं पाकीट) उघडण्याआधी. कार्यादेश निघाल्यावर दिलेल्या पत्राला चौकशीत फार कमी वजन मिळतं. 'गवगवा झाल्यावर दिलं' असाच त्याचा अर्थ लावतात.

पत्र सहाय्यक अभियंत्यांमार्फत कार्यकारी अभियंत्यांना, प्रत सहाय्यक आयुक्तांना. 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' एवढ्यावर थांबू नका. मजकूर साधारण असा:

'निविदा क्र. … या कामासाठी मे. … ही फर्म बोली लावणार असल्याचे मला दि. … रोजी समजले. सदर फर्मचे एक भागीदार माझे मेव्हणे आहेत. फर्ममध्ये माझी वा माझ्या कुटुंबीयांची गुंतवणूक, कर्ज अथवा हमी नाही. तरी या कामाची छाननी, देखरेख, मोजमाप व देयक यांपासून मला वगळून अन्य अभियंत्याकडे काम सोपवण्याचे लेखी आदेश व्हावेत.'

गुंतवणुकीचं वाक्य खरं असेल तरच लिहा. पैसे गुंतले असतील तर रक्कम लिहा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घरी ठेवा. वरिष्ठांना तोंडी सांगितलेलं त्यांच्या बदलीनंतर कुणालाच आठवत नाही.

फर्मलाही निविदेच्या अटी नीट वाचायला सांगा. पालिकेत नातेवाईक असल्याचं बोलीदाराने जाहीर करायची अट असेल, तर तिथली आणि तुमच्या पत्रातली माहिती जुळायला हवी.

दक्षता_वाचक
भेटीबद्दल. किमतीपेक्षा देणारा कोण हे आधी बघतात. तुम्ही ज्याचं बिल पुढे पाठवता त्याच्याकडून आलेल्या वस्तूला 'सणाची भेट' म्हणून सवलत नाही. लग्न, मुंज अशा प्रसंगांची मुभा जवळच्या नातेवाइकांसाठी आणि कामाचा संबंध नसलेल्या मित्रांसाठी असते, तीही ठरावीक किमतीवर कळवण्याच्या अटीसह. फुकट गाडी, हॉटेलचा मुक्काम हेसुद्धा भेटच. साइटवरचा चहा किंवा कधीतरी मिळालेली लिफ्ट भेटीत येत नाही, पण एकाच कंत्राटदाराकडचं जेवण वारंवार होऊ लागलं तर ते टाळायलाच हवं.

कायद्याची बाजूही लक्षात घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ चं कलम ११: ज्याचं काम तुमच्यासमोर आहे किंवा येण्याची शक्यता आहे, त्याच्याकडून काही फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात घेणं हाच गुन्हा. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं. 'मी त्याचं काही वावगं काम केलं नाही' हा बचाव तिथे पुरत नाही.

म्हणून डबा आणि नाणं दोन्ही आजच परत करा. शिपायाच्या हाती पाठवू नका, कंत्राटदार उद्या 'मिळालंच नाही' म्हणू शकतो. फर्मच्या कार्यालयात देऊन शिक्क्यासह सही घ्या. ते घेत नसतील तर वस्तू तशाच बंद ठेवून वरिष्ठांकडे लेखी जमा करा. पत्रात वस्तू, अंदाजे किंमत, कुणी आणली, घरी कुणी घेतली, कधी परत केली हे सगळं यावं. डबा फोडला असेल तर तेही लिहा.

आणि '५० हजारांपर्यंत चालतं' हे डोक्यातून काढा. तो आकडा नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींवरच्या आयकराचा आहे. वर्तणूक नियमांशी त्याचा संबंध नाही.

वॉर्डकरी
धाग्याला जोडून विचारतो, नगरसेवकांनीही असंच पत्र दिलं की सुटतात का?

आस्थापना_खिडकी
नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १६ प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात स्वतःचा वा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असणं हीच अपात्रता. नातेवाइकाच्या फर्मबाबत कर्मचारी जाहीर करून बाजूला झाला की प्रश्न मिटू शकतो. नगरसेवकाने जाहीर केलं तरी हिस्सा शिल्लक असेपर्यंत अपात्रता टळत नाही, हिस्साच सोडावा लागतो. कंत्राट घेणाऱ्या कंपनीचे शेअर असणं, किंवा पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणं, असे काही अपवाद कायद्यातच आहेत. पत्नीच्या नावावरच्या फर्मचा वाद पुराव्यावर ठरतो: भांडवल कुणाच्या खात्यातून गेलं, हमी कुणाची, नफा कुठे जमा झाला. नगरसेवकाने आरोप नाकारला तर निर्णय लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश देतात.

दक्षता_वाचक
वॉर्डकरी, माहिती काढायची असेल तर उमेदवाराचं निवडणुकीचं शपथपत्र सार्वजनिक असतं, तिथून सुरुवात करा. कर्मचाऱ्याच्या मालमत्तेची किंवा भेटींची माहिती माहिती अधिकारात सहज मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात मुलाच्या लग्नात आलेल्या भेटींचा तपशीलही मागितला होता. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती वैयक्तिक माहितीच ठरते. निविदेचे तुलनात्मक तक्ते आणि कार्यादेश मात्र जरूर मागा.

दुय्यम_अभियंता_पूर्व
खूप आभार. डबा आजच परत करतो. एकच शंका: मला वगळल्याचा आदेश निघाला आणि नंतर सहकारी रजेवर गेला, अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला तर?

आस्थापना_खिडकी
नेमकं तिथेच घसरतं. पत्रातच 'रजा वा अतिरिक्त कार्यभाराच्या काळातही' हे शब्द घाला. तरीही एमबी टेबलावर आलीच तर एकाही पानावर सही करू नका, 'तपासलं' अशी आद्याक्षरंही नकोत. आधीच्या पत्राचा आवक क्रमांक लिहून त्याच दिवशी टिपणीसह परत पाठवा. रनिंग बिल (काम चालू असतानाचं देयक) अडलं म्हणून फोन येतील, त्यांना तोच आवक क्रमांक सांगा.