चौकात आडवी लावलेली बस, आणि वर 'मग लूडो खेळा'

चाकवेडा:
गाड्या ठोकत रेस करायच्या रेकफेस्ट गेमबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "रेकफेस्टच्या नावातच मोडतोड आहे. बस आडवी घातली म्हणून रडणाऱ्यांनी लूडो खेळावं." दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

परवा इंग्रजी आठच्या आकड्याचा ट्रॅक, १२ फेऱ्या. ११व्या फेरीत मी दुसरा. चौकात स्कूलबस उभी, पहिल्या फेरीपासून तिथेच. मी ब्रेक मारला, तेवढ्यात बसवाल्याने बस पुढे घेतली. बॉनेट काचेपर्यंत दुमडलं, डावं पुढचं चाक आडवं झालं, गाडी नुसती जागच्या जागी गोल. मुलगी झोपल्यावर मला जेमतेम पाऊण तास मिळतो. तो असा गेला. वळणावर दाराला दार घासा, ढकला, त्यासाठीच गेम घेतलाय. पण तो धक्का पुढे जायला निघालेल्याचा असतो.

मोडतोड_मामा:
लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. हा गेम बनवणारे बगबेअरवाले २००४च्या फ्लॅटआउटपासून गाड्या चेंबवायचेच गेम करतायत. बस, हार्वेस्टर, सोफ्याची गाडी शोभेला ठेवलीय का? शिस्त हवी तर आयरेसिंग या दुसऱ्या रेसिंग गेमला जा. तिथे गाडीला गाडी जोरात लागली की चूक कुणाचीही असो, दोघांच्या नावावर इन्सिडंट पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, चढतात.

घाटरस्ता:
आयरेसिंगला जा म्हणे! वर्गणी वेगळी, ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे. तुम्ही भरताय का पैसे?

तिसरा_गिअर:
मुद्दाम कोण ठोकतं हे ठरवणार कसं, ते आधी सांगा. मला सर्व्हरवरून दोनदा काढलंय. नागपूरहून फ्रँकफर्टच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायचा वेळ, १५० मिलीसेकंदांच्या वर. ताशी १०० किलोमीटरने गाडी १५० मिलीसेकंदांत ४ मीटर जाते, म्हणजे अख्खी एक गाडी. माझ्या स्क्रीनवर मी शेजारून गेलो, त्याच्या स्क्रीनवर थेट त्याच्या दारात. शिव्या मात्र मला.

घाटरस्ता:
वायफाय सोडा, केबल लावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

तिसरा_गिअर:
केबलच आहे हो! केबलने फ्रँकफर्ट नागपूरजवळ येत नाही.

घाटरस्ता:
मग एवढं पिंग घेऊन दुसऱ्याला चिकटून चालवता कशाला? अंतर ठेवा ना. माझी रेस तुमच्यासारख्यांनीच घालवलीय.

चाकवेडा:
अहो, पिंगचा वेगळा धागा काढा. पिंग ११ फेऱ्या चौकात उभं राहत नाही.

मोडतोड_मामा:
चौकात ठाण मांडणं वाईट, एवढं मान्य. पण बसवर सरसकट राग का? माझा उजवा हात अपघातानंतर नीट वळत नाही. सेडानमध्ये मी नेहमी शेवटून दुसरा. बसमध्ये निदान माझी कुणीतरी दखल घेतं. आणि बससारख्या स्पेशल गाड्या बंद करायची सोय सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे. सर्व्हर लावणाऱ्या होस्टने केल्या नाहीत तर त्याला विचारा.

चाकवेडा:
हाताचं माहीत नव्हतं, मामा. तुम्ही बस जरूर चालवा, पण फेऱ्या मारा. मागून येऊन मला उडवलंत तर एक अक्षर बोलणार नाही. होस्टचं म्हणणं मात्र पटलं. शनिवारी १० वाजता मीच सर्व्हर लावतो: आधी दोन रेस बसशिवाय, मग डर्बीत, म्हणजे नुसत्या ठोकाठोकीत, बस, हार्वेस्टर, काय हवं ते. नावातच तसं लिहीन.

मोडतोड_मामा:
डर्बी आधी ठेवा. साडेदहानंतर हात दुखायला लागतो.

चाकवेडा:
ठेवतो.

तिसरा_गिअर:
आणि सर्व्हर सिंगापूरचा घ्या, फ्रँकफर्टचा नको.