दोन ॲप दोन वेगळं सांगतात, डोससाठी भरवसा कशावर ठेवायचा?

रेसिडेंट_पहिलं_वर्ष
नमस्कार मंडळी. परवा नाइटला ७८ वर्षांच्या आजी होत्या, वजन ४२ किलो, लघवीचं इन्फेक्शन, कल्चरमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक सेन्सिटिव्ह (म्हणजे लागू पडणारं). क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५१ छापलेला. एका ॲपमध्ये ४५ च्या वर असेल तर द्या, दुसऱ्यात ६० च्या खाली अजिबात नको. दोन्ही नावाजलेली, वॉर्डात सगळे हीच वापरतात. सिस्टर ऑर्डर मागतायत, सिनिअर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले, आणि मी मोबाइल धरून नुसती उभी. शेवटी सिनिअरना गाठलं, त्यांनी दुसरं औषध लिहायला सांगितलं, पण का ते विचारायला वेळच मिळाला नाही आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. तुम्ही प्रत्यक्षात काय उघडता? आमच्याकडे पैसे भरून घेतलेलं काही नाही, फुकटातलं सांगितलंत तर बरं.

फार्मसिस्ट_वॉर्डवाला
दोन्ही आकडे खरे आहेत गं, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. ४५ हा ब्रिटनच्या बीएनएफ या औषधांच्या संदर्भपुस्तकातला, तो ईजीएफआरचा. ६० हा अमेरिकन लेबलमधला (औषधाचं अधिकृत माहितीपत्रक), तो क्रिएटिनिन क्लिअरन्सचा, म्हणजे पेशंटचं वजन धरून काढलेल्या किडनीच्या कामाचा. ॲप हे सांगत नाही, नुसता आकडा दाखवतं, आणि घोळ तिथेच होतो.
आता आजींचा क्लिअरन्स कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने काढून बघ. १४० वजा ७८ म्हणजे ६२, त्याला ४२ ने गुण, मग ७२ गुणिले १.१ ने भाग, बाई आहेत म्हणून ०.८५ ने गुण. येतात २८. रिपोर्टवर ५१ आणि इथे २८! रिपोर्टवरचा ईजीएफआर १.७३ चौरस मीटरच्या अंगाला धरून काढलेला असतो, आजींचं अंग तेवढं नाहीच. आणि बीएनएफच स्वतः सांगतं की वय ७५ किंवा जास्त असेल तर डोससाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स धरा, पण ते किडनीच्या वेगळ्या पानावर आहे, औषधाच्या पानावर थांबलं तर नजरेतून सुटतं. म्हणजे कुठूनही बघितलं तरी सिनिअरचं बरोबर होतं.
फुकटात म्हणशील तर डेलीमेड. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन चालवते, तिथे अख्खं लेबल मिळतं. लांबलचक असतं, पण नवीन पद्धतीच्या लेबलमध्ये नंबर ठरलेले आहेत, २ मध्ये डोस, ४ मध्ये कधी द्यायचं नाही, ७ मध्ये इंटरॅक्शन (औषधं एकमेकांना कशी बाधतात), ८ मध्ये किडनी, प्रेग्नन्सी, म्हातारी माणसं. सवय झाली की दोन मिनिटांत सापडतं. जे औषध रोज लिहितेस त्याचं लेबल एकदा तरी पूर्ण वाच, दिवसा, निवांत.

प्रसूती_वॉर्ड
प्रेग्नन्सीचं मी सांगते. कुठल्याही ॲपमध्ये ए बी सी डी एक्स अशी कॅटेगरी दिसली की सावध व्हा. एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी संस्था) २०१५ पासून ही अक्षरं लेबलमधून काढायला लावली, कारण लोक सी म्हणजे बी पेक्षा वाईट अशी सरळ शिडी समजायचे आणि तसं ते नव्हतंच. तरी अजून छापतात.
अंगावर पाजणाऱ्या आईसाठी लॅक्टमेड, आईच्या औषधांची आणि दुधाची माहिती देणारी साइट, फुकट आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ॲपमधली "टाळावे" एवढी एक ओळ वाचून मी एका बाळंतिणीला पाजणं थांबवायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा दूध आटत आलेलं, बाळ रडून लाल झालेलं. लॅक्टमेड उघडलं तर दुधात औषध किती उतरतं ते आकड्यांत दिलेलं होतं, आणि ते अगदीच नगण्य. ते बाळ मला अजून आठवतं.

जुना_फिजिशियन
इंटरॅक्शनसाठी एकच चेकर सगळीकडे चालत नाही. एचआयव्हीच्या औषधांना लिव्हरपूल युनिव्हर्सिटीचा, फुकट आणि फार चांगला. क्यूटीसाठी (काही औषधांनी ईसीजीवरचं हे अंतर वाढून ठोके बिघडू शकतात) क्रेडिबलमेड्स, नुसतं रजिस्टर करावं लागतं. पण चेकरमध्ये तू टाकशील तेवढंच त्याला कळणार. रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध चालू आहे आणि पेशंट नाकात फ्लुटिकासोन या स्टिरॉइडचा स्प्रे मारतोय, त्याच्या लेखी स्प्रे म्हणजे औषधच नाही, त्यामुळे तो सांगत नाही, आणि काही महिन्यांनी स्टिरॉइड अंगात साठून चेहरा गोल होऊन येतो. म्हणून आधी पिशवी उलटी करून सगळं बघा, मग चेकर उघडा.

रेसिडेंट_पहिलं_वर्ष
खूप खूप आभार, २८ बघून अंगावर काटा आला. आज राउंडला तीन पेशंटचं हाताने काढलं. पण एक अडलं, खूप जाड पेशंट असेल तर वजन कुठलं धरायचं?

फार्मसिस्ट_वॉर्डवाला
वजन मुख्यतः चरबीचं असेल तर बीएनएफ आयडियल वजन (उंचीवरून काढलेलं) धरायला सांगतं, पुष्कळ ठिकाणी ॲडजस्टेड (आयडियल आणि प्रत्यक्ष यांच्या मधलं) धरतात. पण डॅबिगाट्रानसारख्या नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना प्रत्यक्ष वजन, कारण ट्रायलमध्ये तेच धरलं होतं. कुठलं धरलंस ते केसपेपरवर आकड्याशेजारी लिही, सकाळच्या ड्युटीवाल्याला परत पहिल्यापासून काढायला नको.