पत्रकापेक्षा गोणपाट बरं
कुणीतरी म्हणालंय की कृषी खात्याची पत्रकं गावात कुणी वाचत नाही. खरंय, पण करून दाखवलं की लोक लगेच उचलतात. आम्ही मे महिन्यात पारावरच सोयाबीनची उगवण चाचणी घेतो, ज्याच्या त्याच्या घरच्या पोत्यातले न निवडता 100 दाणे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडून चांगले कोंब मोजायचे. 70 च्या वर आले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर बियाणं वाढवा. गेल्या वर्षी एका काकूंचे 52च निघाले, मळणीयंत्र फास्ट चालवल्यानं टरफलं फुटलेली, आधीच कळलं म्हणून दुबार पेरणी टळली. आणि पोती आपटू नका हो, सोयाबीनची साल फार नाजूक असते.