चोरी कुठेही झाली की भावाला उचलतात, काय करता येईल?

मानखुर्दची ताई
आम्ही फासेपारधी. आईवडील सोलापूरकडून इकडे आले, सिग्नलवर गजरे विकून आम्हाला वाढवलं. मी एका ऑफिसात हाऊसकीपिंगला आहे, भाऊ १९ वर्षांचा, पार्सल पोचवायचं काम करतो. स्टेशनबाहेर कुणाचा मोबाईल गेला, चेन खेचली की डिटेक्शनवाले (पोलीस ठाण्याचं गुन्हे शोध पथक) सरळ आमच्या वस्तीत येतात आणि पोरांना गाडीत घालून नेतात, त्यात हा असतोच. रात्रभर बसवून ठेवतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात आणि कोऱ्या कागदावर सही घेऊन सकाळी सोडतात. आजवर एकपण केस नाही त्याच्यावर. पलीकडच्या टॉवरमधल्या एका पोरावर संशय आला तेव्हा त्याच्या वडलांना फोन करून मुलाला घेऊन या म्हणाले, आमच्या दारावर मात्र लाथ. खाडे होतात म्हणून त्याचं काम पण जायला आलंय. कायद्यात काही आहे का याला? आई म्हणते गप्प बस, अजून अडकवतील.

कुर्ला_स्लो
वाईट वाटलं वाचून. पण पोलिसांवर पण वरून प्रेशर असतं, रेकॉर्डवरच्या लोकांना आधी बघतात, सगळीकडेच असं आहे. भाऊ साफ आहे तर सोडतातच ना.

भीमातीर
दादा, रेकॉर्ड कुठलं? त्या पोरावर एक गुन्हा नाही हे तिने लिहिलंय. रेकॉर्ड त्याच्या जातीचं आहे. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला, पुढे मुंबई इलाख्यात पण लागू केला, म्हणजे जन्मालाच गुन्हेगार, हजेरी लावायची आणि गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. १९५२ ला कायदा रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' म्हणजे शिक्क्यातून सुटलेल्या झाल्या, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, आणि १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, नजर पुन्हा त्याच लोकांवर. साफ आहे तर सोडतात म्हणता, पण ती रात्र आणि गेलेला पगार कोण परत देणार? तुमच्या मुलाला एकदा असं नेलं तर चालेल का तुम्हाला? मी स्वतः त्याच समाजातला आहे, हे वाचून हात थरथरतात.

किल्लाकोर्ट_वकील
ताई, नीट वाच, थोडं लांब आहे.

पोलिसांकडे "चौकशीला नेलंय" म्हणून रात्रभर बसवून ठेवायचा अधिकार नाही. एकतर अटक, नाहीतर नोटीस. चोरी, चेन खेचणं यांना ७ वर्षांच्या आतली शिक्षा आहे, त्यात आधी बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३५(३) ची लेखी नोटीस देतात. अटक गरजेची वाटली तर कारणं लिहावी लागतात, सुप्रीम कोर्टाने २०१४ लाच अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय. अटक केली तर घरच्यांना कळवणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं आलंच. वरळीच्या बीएमडब्ल्यू गाडीच्या अपघाताच्या केसवरून २०२५ ला कोर्टाने हेही सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या, आरोपीला कळेल त्या भाषेत. तिथे मोठे वकील लढले, पण तो निकाल तुझ्या भावाला पण तितकाच लागू आहे. अटक नसताना ठसे घ्यायचे तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. कोऱ्या कागदावर सही अजिबात करायची नाही, हे आज रात्रीच त्याला सांग.

आणि सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता निकाल. तो जेलमधल्या जातिभेदाबद्दल आहे, पण त्यात कोर्टाने पोलिसांना सांगितलंय की विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. हा निकाल अर्जात लिही.

पुढच्या वेळी नेलं तर १०० नंबर... म्हणजे आता ११२, त्यावर लगेच फोन कर, कुठल्या ठाण्यात नेलं ते सांग, फोनची वेळ लिहून ठेव. मग डीसीपी (पोलीस उपायुक्त) ऑफिसला अर्ज दे, आवक शिक्का घे. त्यात सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायची मागणी कर. २०२० च्या परमवीर सैनी निकालानुसार ठाण्यात कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग निदान वर्षभर ठेवायला हवं. तोंडी सगळं नाकारता येतं, फुटेज असलं की अवघड जातं.

मानखुर्दची ताई
वकीलताई, वकिलाचे पैसे कुठून आणू? जातीचा दाखला पण नाही, १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आमचे आजोबा पालात राहायचे.

किल्लाकोर्ट_वकील
दाखला नको. बाई म्हणून तुला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. भाऊ कस्टडीत असेल तर त्याला पण. १५१०० वर फोन कर किंवा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. अर्ज तुझ्या नावाने दे, आईला सही करायला लावू नको, तिची भीती खरी आहे. एक कॉपी सीएसएमटीसमोरच्या राज्य मानवी हक्क आयोगात दे.

भीमातीर
ताई, वस्तीतल्या बाकीच्या घरांनी पण सह्या केल्या तर एकट्या तुझ्यावर राग निघणार नाही. अर्ज लिहायला मी येतो, रविवारी सुट्टी असते. मेसेज कर.