रोज वीस शब्द पाठ करण्याबद्दल

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला रोज डिक्शनरीतले वीस शब्द पाठ करा, असा सल्ला दिला जातो. नवशिक्याला ठीक, पण मध्यम पातळीवर त्यातून फारसं हाती लागत नाही असं माझं मत. या टप्प्यावर गाडी अडते ती शब्दांच्या जोड्यांपाशी. पाऊस 'हेवी', वारा मात्र 'स्ट्राँग'. 'मिस्टेक'ला 'मेक', तर 'होमवर्क'ला 'डू'. म्हणून वहीत जोडीच उतरवा, जमलं तर अख्खं वाक्य.

शब्द निवडायचे कुठून? इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीत साधारण २००० नेहमीचे शब्द आहेत. ते झाले की भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट घ्या. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत, म्हणजे 'अ‍ॅनलाइज', 'अ‍ॅनालिसिस', 'अ‍ॅनालिटिकल' मिळून एकच. (भारदस्त शब्दांची हौस नंतर भागवा!) अर्थात ही यादी अभ्यासाच्या लेखनातून काढलेली आहे, फक्त कादंबऱ्याच वाचायच्या असतील तर तिचा तितका उपयोग नाही.

उजळणीला अँकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप उत्तम, पण कार्डं स्वतः बनवा, तीही नुकत्याच वाचलेल्या मजकुरातली वाक्यं घेऊन. तयार डेक (म्हणजे कार्डांचे संच) उतरवून घेतले की ढीग साचतो आणि चार दिवसांत अ‍ॅप उघडायचाच कंटाळा येतो.