राउटरवर फिल्टर आहे, तरी मुलाच्या फोनवर अश्लील साइट उघडतात. गळती कुठे?

सुदामानगर, इंदूर
मुलगा पंधराचा. भंवरकुआंच्या कोचिंगचे डाउट, टेस्ट, निकाल सगळं ॲपवर, त्यामुळे अँड्रॉइड फोन आणि वेगळं सिम द्यावंच लागतं. घरच्या राउटरला प्रायमरी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून क्लाउडफ्लेअरचा अश्लील साइट अडवणारा १.१.१.३ दिला आहे. लॅपटॉपवर साइट अडतात, फोनवर कधी अडतात, कधी उघडतात. नेमकं काय राहिलं? आणि फिल्टर लावल्याचं त्याला सांगावं का? घरात मोठ्यांचं मत, फोनच काढून घ्या.

रामबागकर
ताई, सेकंडरी डीएनएस काय आहे ते आधी बघा. तिथे गूगलचा, अश्लील साइट न अडवणारा ८.८.८.८ राहिला असेल तर "कधी अडतात, कधी उघडतात" हेच होणार. सेकंडरी हा पहिला बंद पडल्यावरच वापरतात असा समज आहे, पण फोन दोघांपैकी कुणालाही विचारतो. दुसऱ्या रकान्यात क्लाउडफ्लेअरचाच १.०.०.३ टाका. राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचा डीएनएस वेगळा असतो, त्या वाटेनं फिल्टर सरळ टळतो. तिथेही क्लाउडफ्लेअरचा फॅमिली पत्ता भरा, जमत नसेल तर आयपीव्ही६ बंद करा. मग राउटर रीस्टार्ट करून फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर फोन जुनाच डीएनएस धरून बसतो. राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला. तो डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तो वाचता येतो.

सिमच्या डेटाला राउटर लागूच नाही. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथे प्रायव्हेट डीएनएस, आणि होस्टनेम लिहा: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे, वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर चालते. तपासायला खरी घाणेरडी साइट उघडायची गरज नाही. न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम हे पान क्लाउडफ्लेअरनं त्यासाठीच ठेवलं आहे. ते उघडलं नाही की काम झालं. वायफायवर एकदा, डेटावर एकदा बघा.

तरी दोन मोठ्या वाटा उरतात. व्हीपीएन ॲप (नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून फिल्टर टाळणारं), आणि ऑपेरासारखा ब्राउझर ज्यात व्हीपीएन आतच असतो. यावर उपाय गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपचा: नवीन ॲप तुमच्या मंजुरीशिवाय बसणार नाही असं ठेवा. गूगलच्या चित्रांतून दिसतं ते डोमेन अडवून थांबत नाही, त्याला सेफसर्च (शोधातले अश्लील निकाल गाळणारी सोय) लागतो. तोही आपोआप हवा असेल तर क्लाउडफ्लेअरऐवजी क्लीनब्राउझिंग या डीएनएस सेवेचा फॅमिली फिल्टर घ्या, १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो रेडिटसुद्धा अडवतो, हे आधीच ठरवून घ्या.

लोकमान्यनगर
रामबागकरांनी सांगितलेलं सगळं करा, पण त्याला सांगून, त्याला शेजारी बसवून. चोरून लावलेला फिल्टर पहिल्याच आठवड्यात कळतो. मग वाद साइटचा राहत नाही, विश्वासाचा होतो. "हे बंद केलंय, कारण तिथे दाखवतात ते खऱ्या नात्यासारखं नसतं. काही दिसलं, कुणी पाठवलं, तर मला सांग, फोन काढून घेणार नाही." एवढं पुरे. शेवटचं वाक्य मात्र पाळावं लागेल. फोन जाईल ही भीती असली की मूल अडचणीत सापडल्यावरही तोंड उघडत नाही. घरातल्या मोठ्यांना हेच समजावून सांगा.

डीएनएसला ॲपच्या आतलं काही दिसत नाही. टेलिग्रामचे चॅनल, व्हॉट्सॲपचे ग्रुप, सगळं त्यांच्याच सर्व्हरवरून येतं. या वयात जास्त इथूनच येतं, असं माझं मत. व्हॉट्सॲपमध्ये "ग्रुपमध्ये मला कोण जोडू शकतं" हे "माझे संपर्क" करा आणि फोटो-व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड बंद करा. इंस्टाग्रामवर १६ खालच्यांना टीन अकाउंटचं कुंपण पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाही, पण खात्यात जन्मतारीख खरी असेल तरच. ती आधी बघा.

तुकोगंज
एक गोष्ट राहिली. वर्गातल्या मुलीचा तसला फोटो ग्रुपमध्ये आला तर तो पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः पंधराचा असला तरी. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असं साहित्य जवळ ठेवणंही पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. पालकांची चूक अशी होते की "पुरावा" म्हणून तो फोटो एकमेकांना किंवा शिक्षकांना पाठवतात. पाठवू नका. ग्रुपचं नाव, नंबर, वेळ कागदावर लिहा आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

मुलाचाच फोटो घेऊन कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. प्रोफाइल, यूपीआय आयडी, मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, त्यानंतर ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. मुलाला आधार हवा असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. १८ खालच्यांसाठी टेक इट डाउन ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुठेच चढवावा लागत नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो काढतात.

सुदामानगर, इंदूर
सेकंडरीत ८.८.८.८च होता. बदलला, वायफायवर ते पान अडतंय. पण प्रायव्हेट डीएनएस लावल्यावर कोचिंगच्या वायफायवर नेटच चालत नाही म्हणतो.

रामबागकर
खरं सांगतोय. पुष्कळ संस्थांच्या वायफायवर पोर्ट ८५३ (नेटवरच्या माहितीची एक ठरलेली वाट) बंद असतो, प्रायव्हेट डीएनएस त्यावरूनच जातो. मुलं मग ते बंद करतात आणि परत लावायचं राहून जातं. त्याला सांगा, कोचिंगमध्ये वायफाय न जोडता सिमचा डेटाच वापर.