कंपाउंड बोचे स्ट्रिंग सायलेन्सर वर्षभरही टिकत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, मारणाऱ्यांना जरा विचारायचं होतं. माझा बो ५० पौंड ओढीवर सेट आहे, दोरीवर वर एक खाली एक आवाज-थरथर कमी करणारा रबरी सायलेन्सर, ते मांजराच्या मिशांसारखं झुपकेदार असतं ना तेच, आणि लिंबांवर (बोच्या वाकणाऱ्या दोन पात्यांवर) चिकटवायचे, थरथर शोषणारे डॅम्पनर. वर्ष पण झालं नाही आणि दोन्हींची पार वाट लागलीय.

झालं असं की परवा ५० मीटरवर सगळे बाण वर लागायला लागले. ग्रुप घट्टच, पण निशाणाचा मधला पिवळा सोडून वरच्या लालमध्ये. मी आपला साइटशी (नेम धरायच्या खुणेशी) खेळत बसलो, पीप, म्हणजे दोरीतलं बघायचं भोक, सरकलं का तेही बघितलं, ते जागच्या जागी. मग दिसलं की वरच्या सायलेन्सरच्या निम्म्या मिशा गायब! दोरी हलकी झाली, बाण जोरात जायला लागला, एवढं माझ्या डोक्यात यायला दहा बाण गेले. उरलेली एक मिशी ताणून बघितली तर मुळाशी, जिथून ती दोरीच्या धाग्यांतून बाहेर येते तिथे, बारीक भेगा. खालच्याचं उलटंच, तो चिकट झालाय, हाताला काळं लागतं. लिंबचा एक डॅम्पनर कधी पडला ते कळलंच नाही.

तर हे साधारण किती शॉट चालतात? लोकरीचे घेऊ का? की सरळ काढूनच टाकू?

प्रतिसाद १
शॉट मोजून काही कळणार नाही दादा. रबर ऊन, उष्णता आणि हवेतल्या ओझोननं मरतं, त्यात ताणलेलं असेल तर भेगा आधी तिथेच पडतात. म्हणून मुळाशी तुटतंय. चिकटपणाचा मला दोरीला लावायच्या वॅक्सवर संशय आहे, तेलकट वॅक्स रबराला फुगवतं. बो बंद गाडीत ठेवता का?

धागाकर्ता
ठेवतो 🙈 आणि वॅक्स पण सायलेन्सरवरूनच फासत होतो, कोण तेवढं बाजूला करत बसणार म्हणून.

प्रतिसाद २
गाडीत ठेवणं आधी बंद करा, सायलेन्सर गेला तर गेला, उन्हात तापून दोरी आणि लिंब खराब झाले तर रडायची वेळ येईल.

मी लोकरीवर आहे. ती तडकत नाही, चिकट होत नाही, पण पावसात भिजली की जड होते आणि तुमच्या उलट, बाण खाली जातात. हळूहळू विरळही होते. बसवताना बो प्रेसवर (दोरी सैल करायच्या यंत्रावर) घ्या आणि दोरीचे धागे मोजून निम्मे-निम्मे करा, मी पहिल्यांदा अंदाजाने केले तर फुल ड्रॉला, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर, पीप तिरकं, तासभर घाम गाळला. जागा साधारण कॅमपासून (टोकाच्या चाकापासून) दोरीच्या पाव अंतरावर, दोन्हीकडे सारखी. मधोमध जेवढं जवळ आणाल तेवढा वेग जास्त खाणार.

प्रतिसाद ३
काढून टाकले तरी बोचं काही बिघडत नाही, आवाज आणि हाताला झिणझिण्या वाढतील इतकंच, साइट मात्र नव्याने लावावी लागेल. पण मला वेगळंच विचारायचंय, बाण किती ग्रेनचा (ग्रेन म्हणजे बाणाच्या वजनाचं माप)? ओढीच्या दर पौंडाला ५ ग्रेन ही साधारण खालची मर्यादा धरतात, म्हणजे तुम्हाला २५०. त्याच्या आसपास असाल तर बाण कमी ऊर्जा घेऊन जातो, उरलेली बोमध्येच थरथरत राहते आणि ती या रबरांनी सोसायची. स्ट्रिंग स्टॉप, म्हणजे सुटलेली दोरी अडवणारं रबर, ते पण बघा, दोरी आणि त्याच्यामध्ये एटीएम कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी.

आणि डॅम्पनर पडला तिथे लिंबवर कापसाचा बोळा फिरवा. तंतू कुठे अडकले तर चीर असू शकते, मग एकही बाण मारू नका, आधी दाखवून घ्या. नाही अडकले तर स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देऊन नवीन चिकटवा.

धागाकर्ता
कापूस सरळ गेला, वाचलो. बाण ३१० ग्रेनचा आहे. पण स्ट्रिंग स्टॉपचं रबर बघितलं आणि कपाळावर हात मारला, दोरी आपटून आपटून त्यात खाच पडलीय, कार्ड कसलं, तीन कार्डं जातील. म्हणजे दोरी थांबवायचं अर्धं काम ह्या मिशाच करत होत्या बिचाऱ्या. आधी ते बदलतो, वर लोकर लावतो. काळी लोकर उन्हात लवकर विरते का हो, की रंगाने काही फरक पडत नाही?